मोनार्क फुलपांखरांची दक्षिणयात्रा

मेक्सिको देशांतील मिचोआकान प्रांताच्या डोंगरांत दरवर्षीं नोव्हेंबर महिना लागला, कीं काळ्या शिरांचीं नारिंगी फुलपांखरें थव्याथव्यांनीं उतरूं लागतात. त्याच सुमारास, १ व २ नोव्हेंबरला, तेथें मृतांच्या स्मरणाचा सण असतो. म्हणून हीं फुलपांखरें म्हणजे घरीं परत आलेले पूर्वजांचे आत्मे होत, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. इंग्रजींत या फुलपांखरास मोनार्क, म्हणजे सम्राट, असें म्हणतात. हा सम्राट वजनानें अवघा अर्ध्या ग्रॅमचा. पण त्याची स्वारी मोठमोठ्या दिग्विजयांस लाजविणारी आहे.

उत्तरेकडे, कॅनडांत व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, हेंच फुलपांखरूं उन्हाळ्यांत बागाबागांतून दिसे आणि शरद् ऋतूंत नाहींसें होई. मिचोआकानच्या गांवकऱ्यांस तीं येतात हें ठाऊक, पण कोठून तें ठाऊक नाहीं. उत्तरेच्या विद्वानांस तीं जातात हें ठाऊक, पण कोठें तें ठाऊक नाहीं! कोड्याचे हे दोन अर्धे भाग जुळावयास १९७५ साल उजाडावें लागलें.

हें कोडें सोडविण्याचा ध्यास टोरंटो येथील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट व त्यांच्या पत्नी नोरा यांनीं घेतला. १९४० च्या सुमारास ते फुलपांखरांच्या पंखांवर कागदाच्या चिमुकल्या चिठ्ठ्या चिकटवून पाहूं लागले. आरंभींच्या चिठ्ठ्या गळून पडत. पुढें चांगला चिकट कागद सांपडला. परंतु दोन माणसांचे हात किती पुरणार? १९५२ सालीं नोराबाईंनीं एका मासिकांत लेख लिहून लोकांस साहाय्याची विनंती केली. प्रथम अवघे १२ जण पुढें आले. हळूहळू ती संख्या शेंकड्यांवर गेली. शिक्षक, शाळकरी मुलें, गृहिणी, ज्यास जमेल त्यानें चिठ्ठी लावावी, आणि चिठ्ठी असलेलें फुलपांखरूं सांपडल्यास कळवावें. या टिपणांवरून नकाशावर रेघा ओढल्या गेल्या, आणि त्यांचा रोख टेक्सासवरून मेक्सिकोकडे वळला.

१९७५ च्या जानेवारींत केन ब्रुगर व मिचोआकानांतच जन्मलेली त्यांची पत्नी कातालिना आग्वादो हीं दोघें, स्थानिक लोकांकडे चौकशी करीत करीत, सेरो पेलोन या डोंगरावर पोहोंचलीं. पाहतात तों उंच उंच वृक्ष शेंड्यापासून बुंध्यापर्यंत फुलपांखरांनीं झांकलेले! पुढल्या वर्षीं अर्कहार्ट दांपत्य स्वतः तेथें गेलें. भारानें एक फांदी मोडून पडली, आणि त्या ढिगांत एका पंखावर पांढरी चिठ्ठी दिसली. मिनेसोटा संस्थानांतील चास्का गांवच्या एका शिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांसह ती लावलेली होती.

नवल असें, कीं या प्रवाशानें ती वाट पूर्वीं पाहिलेलीच नसते. उन्हाळ्यांतील पिढ्या २ ते ६ आठवडेच जगतात. शरदांतील पिढी मात्र ८ महिन्यांपर्यंत जगते, सूर्यावरून दिशा ओळखते आणि ४,००० किलोमीटरपर्यंत मजल मारते. सुमारें ३,००० मीटर उंचीवरील ओयामेल वृक्षांची दाट राई हिंवाळ्यांत तिला छत्रीचें व घोंगडीचें काम देते. राईंत भगदाड पडलें, कीं पाऊस आंत शिरतो, आणि भिजलेलें फुलपांखरूं गारठून मरतें.

म्हणून १९८६ सालीं मेक्सिकोच्या अध्यक्षांनीं वटहुकूम काढून या राईंत वृक्षतोडीस बंदी केली. हेतु उत्तम होता. पण हें रान कोणाचें? राज्यक्रांतीनंतरच्या वांटणींत त्याचा मोठा भाग गांवांच्या सामाईक मालकीचा झाला होता. ज्यांची चूल त्या लांकडावर पेटे, त्यांच्या हातून रान गेलें. मोबदला मात्र पुरेसा आला नाहीं. असंतोष वाढला आणि चोरटी तोड चालूच राहिली. २००० सालीं संरक्षित क्षेत्र सुमारें ५६,००० हेक्टरांपर्यंत वाढविलें, तेव्हां झाडें न तोडण्याबद्दल व रान राखण्याबद्दल गांवांस पैसे देणारा निधीहि स्थापन झाला. पाहुण्यांना वाट दाखविण्याचा रोजगार मिळूं लागला, गांवकऱ्यांनीं स्वतःच पहारे बसविले, आणि तेव्हां कोठें कुऱ्हाडीस पुष्कळसा आळा बसला. २००८ सालीं युनेस्कोनें या रानास जागतिक वारशाचा मान दिला.

तथापि वाटेचें एकच टोंक राखून भागत नाहीं. मोनार्कचा सुरवंट केवळ रुईच्या कुळांतील दुधाळ झुडपांचींच पानें खातो. १९९६ पासून उत्तरेकडील शेतांत तणनाशकास दाद न देणारें सोयाबीनचें व पुढें मक्याचें बियाणें आलें. पीक तगलें, पण फवाऱ्यानें तणाबरोबर हीं झुडपेंहि गेलीं. १९९६-९७ च्या हिंवाळ्यांत मेक्सिकोंतील फुलपांखरांनीं १८ हेक्टरांहून अधिक रान व्यापलें होतें; २०१३-१४ मध्यें तें अवघें ०.६७ हेक्टर उरलें. २०२४-२५ चा आंकडा १.७९ हेक्टर आहे. आतां उत्तरेंत पुन्हां शिक्षक, मुलें व गृहिणी पुढें आल्या असून परसांत, शाळांच्या आवारांत तीं झुडपें लावीत आहेत.

महाराष्ट्राच्या माळावर रुईभोंवतीं घिरट्या घालणारें काळ्या-पांढऱ्या टोंकांच्या पंखांचें नारिंगी फुलपांखरूं याच सम्राटाच्या गोत्रांतील आहे. निरुपयोगी म्हणून उपटलेली रुई कोणाचें तरी माहेर असते. सम्राटाची वाट शोधावयास हजारों हात लागले. ती राखावयास त्याहून अधिक लागतील, आणि त्यांत पहिला मान रानाशेजारीं राहणाऱ्यांचा आहे.