गांजाचा धूर आणि १८९३ चे कमिशन

इ. स. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजाच्या चौकशीस्तव जे कमिशन नेमले, त्याने अहमदनगरसारखे गांजा पिकवणारे जिल्हे असलेल्या मुंबई इलाख्यासह मुलुखभरातील ११९३ साक्षीदारांच्या जबान्या दप्तरी दाखल केल्या. आणि मितसेवन बहुधा निरुपद्रवी, असा निर्वाळा देणाऱ्या त्याच्या अहवालानेही, दीर्घकाळ चिलीम ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत काजळीचे सूक्ष्म कण साचतात, श्वासनलिकांचे अंतस्त्वच क्षुब्ध होऊन कफ वाढतो व जुनाट खोकला जडतो, हे स्पष्ट नमूद केले. निर्वाळ्याचा उल्लेख आजवर वारंवार होतो, खोकल्याचा क्वचितच, याची मला मनस्वी खंत वाटते. कारण चिलमीला गुंडाळलेली ओली छापी धूर निववते खरी, परंतु त्यातील दाहक द्रव्ये पुरती अडवीत नाही.