सुतावरील जकात व आपला हातमाग

आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी बहुधा पुराणांकडे किंवा कुलदैवतांच्या कथांकडे वळते. त्या कथांचा मान राखून मी यंदा निराळा विषय घेतला आहे. गेल्या दीडशे वर्षांत विणकराच्या घरी माग चालू राहतो की खुंटीला टांगला जातो, हे ज्या गोष्टींनी ठरविले त्यांत बंदरावरील जकात ही एक मोठी गोष्ट होती. मुंबईचा धक्का आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी पाहिलाही नसेल. पण तेथे सुताच्या गाठीवर काय आकारणी होते त्याचा परिणाम त्यांच्या ताण्याबाण्यापर्यंत येऊन पोहोचत असे.

समुद्रमार्गे येणाऱ्या मालावरील कराला आज आपण सीमाशुल्क म्हणतो. पूर्वी जकात हा शब्द याला आणि गावोगावच्या नाक्यांवरील वसुलीला सारखाच लागू होता. मुंबई इलाख्यातील अंतर्गत नाकी इंग्रज सरकारने १८३८ साली उठविली, तेव्हा व्यापाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. परंतु त्यामुळे विलायती कापडालाही खेडोपाडी जाण्याचा रस्ता मोकळा झाला, हे विसरून चालणार नाही.

१८५७ च्या उठावानंतर सरकार कर्जात बुडाले, आणि १८५९ साली आयात मालावरील जकात एकदम वाढविण्यात आली. पुढे ती उतरत उतरत १८६२ साली कापडावर पाच टक्के व सुतावर साडेतीन टक्के अशी स्थिर झाली. हा कर केवळ उत्पन्नासाठी होता. देशी धंद्याला संरक्षण द्यावे असा विचार कोणाच्या मनात नव्हता. मात्र याच सुमारास मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या. कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या गिरणीतून १८५६ साली सूत निघू लागले होते. त्या गिरण्या वाढू लागताच मँचेस्टरच्या कारखानदारांना हा पाच टक्क्यांचा कर सलू लागला.

१८७४ साली त्यांच्या व्यापारी मंडळाने जी तक्रार केली तिचा एक मुद्दा मोठा बारकाईचा आहे. जकात मालाच्या प्रत्यक्ष किमतीवर न घेता सरकारने आधी ठरवून दिलेल्या किमतीवर घेतली जाई. मध्यंतरी कापडाचे भाव उतरले, पण तक्त्यातील किमती तशाच राहिल्या. म्हणून नावाला पाच टक्के असलेला कर प्रत्यक्षात अधिक पडतो, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे खरेही होते, आणि १८७५ साली तक्त्यातील किमती कमी करण्यात आल्या. परंतु मँचेस्टरचे समाधान तेवढ्याने होणार नव्हते. त्यांना जकातच नको होती. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक व भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांचे या प्रश्नावरून खटके उडाले. १८७६ साली नॉर्थब्रूक पद सोडून गेले त्याची जी कारणे सांगतात त्यांत हेही एक आहे. १८७७ साली पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाने ही जकात काढून टाकावी असा ठराव केला.

तो काळ कोणता होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला होता. तिजोरीत खडखडाट, त्यात १८७८ साली अफगाण युद्ध सुरू झाले. अशा वेळी १८७९ साली लॉर्ड लिटन यांनी आपल्या मंडळातील बहुमत बाजूस सारून तीस नंबरपर्यंतच्या सुताचे जाडेभरडे कोरे कापड जकातमुक्त केले. १८८२ साली तर मीठ, दारू व शस्त्रे असे मोजके जिन्नस वगळून बाकी सर्व आयात जकात उठविण्यात आली. याच काळात, १८७७ च्या दिल्ली दरबारात, सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. तो वेष म्हणजे या सर्व धोरणाला दिलेले उत्तर होते, असे मला वाटते.

यापुढील बारा वर्षे विलायती कापड विनाजकात येत राहिले. मग चांदीचा भाव घसरल्याने रुपया स्वस्त झाला, विलायतेस पाठवावयाच्या रकमा भारी पडू लागल्या, आणि १८९४ च्या मार्चमध्ये पाच टक्के जकात पुन्हा बसली. सूत व कापड यांना आधी वगळले होते. डिसेंबरात त्यांनाही पाच टक्के लागू झाले. परंतु त्यासोबत एक नवीच गोष्ट आली. येथील गिरण्यांत निघणाऱ्या वीस नंबरावरील सुतावरही पाच टक्के अबकारी बसविण्यात आली.

या दुहेरी करात आपला विणकर मधल्यामध्ये सापडला. लुगड्याला व उपरण्याला बारीक सूत लागते. ते विलायती घ्यावे तर जकात, मुंबईचे घ्यावे तर अबकारी. गिरणीवाल्यांची तक्रार वर्तमानपत्रांत छापून आली. विणकराची तक्रार पाजणीच्या अंगणातच राहिली.

मँचेस्टरला ही तडजोडही पटली नाही, आणि १८९६ च्या फेब्रुवारीत नवा कायदा झाला. आयात कापडावर साडेतीन टक्के, आणि हिंदी गिरण्यांत विणलेल्या सर्व कापडावरही साडेतीन टक्के अबकारी. आपल्याच देशात आपल्याच कापडावर, परक्या कारखानदाराची बरोबरी राखण्यासाठी कर! महाराष्ट्रात प्रक्षोभ उसळला. टिळकांनी 'केसरी'तून विलायती कापडावर बहिष्कार घालण्याचा पुरस्कार केला. पुढे गोखल्यांनी कायदे कौन्सिलात या अबकारीवर सडकून टीका केली. मी शाळेत हा भाग मुलांना शिकवीत असे. पाठ्यपुस्तकात तो चार ओळींत उरकलेला असे, आणि त्या चार ओळींत हातमागाचे नावही नसे.

वास्तविक त्या कायद्यात हातमागाच्या दृष्टीने दोन महत्त्वाच्या तरतुदी होत्या. एक, सूत पूर्णपणे करमुक्त झाले, देशीही आणि विलायतीही. दुसरी, अबकारी फक्त गिरणीच्या कापडावर होती. हातमागाच्या कापडावर नव्हती. म्हणजे दहा रुपयांच्या गिरणीच्या मालावर पाच आणे सात पै कर, आणि तेवढ्याच किमतीच्या हातमागाच्या मालावर काही नाही. सरकारी बाजूने हा मुद्दा आवर्जून मांडला जाई. त्या मांडणीतील कळवळ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. कायदा मँचेस्टरसाठी झाला होता. परंतु हेतू वाईट होता म्हणून परिणामही सर्वांना सारखाच वाईट झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. राष्ट्राचा अपमान झाला हे खरे, गिरण्यांवर अन्याय झाला हेही खरे. आणि विणकराला सूत थोडे स्वस्त मिळाले, हेदेखील खरे.

या सवलतीचा आपल्या घरांना लाभ किती झाला? फारसा नाही. १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ आले. विणकराचे गिऱ्हाईक म्हणजे कुणबी. त्याच्याच घरी दाणा नाही, तेथे लुगडे कोण घेतो? साडेतीन टक्क्यांची सूट अशा वेळी कोणाच्या पोटाला पुरणार!

पुढची पायरी अधिक बोधप्रद आहे, कारण ती स्वदेशीच्या नावाने आली. १९१७ साली आयात कापडावरील जकात साडेसात टक्के झाली, १९२१ साली अकरा. अबकारी मात्र साडेतीनच राहिली. १९२५ च्या डिसेंबरात ती तहकूब झाली व १९२६ साली रद्द झाली. तीस वर्षांचा हा डाग पुसला गेल्याचा आनंद सर्व देशाला झाला, आणि तो योग्यच होता. पण १९२२ साली आयात सुतावर पाच टक्के जकात बसली होती, आणि १९२७ साली जपानी सुताची स्पर्धा रोखण्यासाठी नियम बदलला. पाच टक्के, किंवा रत्तलामागे दीड आणा, यांपैकी जे अधिक असेल ते घ्यावयाचे.

वरवर पाहता बदल किरकोळ वाटेल. हिशेब करून पाहू. समजा, सुताचा भाव रत्तलाला एक रुपया आहे. पाच टक्क्यांनी जकात पाऊण आण्याच्या किंचित वर जाते. नव्या नियमाने दीड आणा, म्हणजे सुमारे साडेनऊ टक्के. सूत जितके स्वस्त, तितका कर जड. दहा रत्तलांच्या एका बंडलामागे पंधरा आणे! बाहेरचे सूत महागले की येथील गिरणीलाही आपला भाव चढविण्यास वाव मिळतो. माझे आजोबा सावकाराकडून उधारीने बंडल आणीत आणि विणलेले लुगडे त्यालाच देत. सुताचा वाढलेला भाव सावकार लगेच धरी, लुगड्याचा भाव वाढवून देण्यास मात्र त्याला सवड नसे. गिरणी स्वतःच सूत काढते व स्वतःच कापड विणते, तिला ही झळ नव्हती. संरक्षण मिळाले ते तिला.

यानंतर जपानी मालाविरुद्ध जकात झपाट्याने चढली. ब्रिटिशेतर कापडावर १९३० साली वीस टक्के, १९३२ साली पन्नास, आणि १९३३ च्या जूनमध्ये पंचाहत्तर. जपानने उलट हिंदी कापूस घेण्याचे थांबविले, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा शेतकरी धास्तावला. अखेर १९३४ साली करार होऊन जकात पन्नास टक्क्यांवर आली व जपानने आपला जितका कापूस घ्यावा त्या प्रमाणात त्याला कापड पाठविता यावे असे ठरले. बंदरातील दर आणि शेतातील बोंड यांचे नाते इतके जवळचे असते.

हातमागाची बाजू सरकारी दप्तरात सविस्तर नोंदली गेली ती १९४२ च्या चौकशी समितीमुळे. डॉ. पी. जे. थॉमस तिचे अध्यक्ष होते. देशात सुमारे वीस लाख हातमाग आहेत, आणि त्यांचा जीव गिरणीच्या सुतावर अवलंबून आहे, हे त्या समितीच्या अहवालातून पुढे आले. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली गिरणीच्या कापडावर वारामागे तीन पैंचा जादा कर बसवून ती रक्कम खादी व हातमागासाठी राखून ठेवण्यात आली. १८९६ ची अबकारी आणि १९५३ चा हा कर, दोन्ही गिरणीच्या कापडावरच. पण पहिल्याचा पैसा कोठे गेला व दुसऱ्याचा कोठे, एवढे पाहिले म्हणजे परके राज्य आणि आपले राज्य यांतील फरक मुलांना समजावून सांगता येतो.

सुताचा जुना वाद आता रेशमात उतरला आहे. २०११ साली कच्च्या रेशमावरील आयात शुल्क तीस टक्क्यांवरून पाचवर आणले गेले, तेव्हा चिनी रेशमामुळे कोषाचे भाव पडतील म्हणून कर्नाटकातील रेशीम उत्पादक शेतकरी अस्वस्थ झाले. २०१३ साली ते पंधरा टक्के करण्यात आले, तेव्हा रेशमावर माग चालविणाऱ्यांना खर्चाची चिंता लागली. येवल्याच्या पैठणीवर बसणारे आपले जे ज्ञातिबांधव आहेत, त्यांनी त्या दोन वर्षांतील रेशमाच्या खरेदीचे भाव आपल्या वहीतून उतरवून संघाच्या कार्यालयाकडे पाठवावेत. आजोबांच्या पिढीचा असा एकही हिशेब आपल्या दप्तरात नाही.