सैनिकी मालमोटारींची कालनिश्चिती

सैनिकी मालमोटारींची कालनिश्चिती : सैन्याच्या सेवेतून बाहेर पडलेली जुनी मालमोटार केव्हा बांधली गेली, हे तिची रचना, तिच्यावरील क्रमांक व खुणा, सुटे भाग आणि कागदपत्रे यांच्या आधारे ठरविणे, म्हणजे तिची कालनिश्चिती होय. प्रत्येक मोटारीस एकच निर्मितिवर्ष असते, हा सर्वसाधारण समज सैनिकी मालमोटारीच्या बाबतीत अपुरा ठरतो. सांगाडा (चासी) तयार होणे, सुट्या भागांची जुळणी, त्यावर हौदा बसविणे, सैन्याने वाहन स्वीकारणे आणि लिलावानंतर त्याची मुलकी नोंदणी होणे, अशा किमान पाच घटनांच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात. त्यांपैकी हाती आलेली तारीख कोणत्या घटनेची, हे ओळखणे हाच कालनिश्चितीचा गाभा आहे. एखादी मालमोटार ब्रह्मदेशाच्या मोहिमेत (१९४२–४५) वापरली गेली, ही परंपरेने सांगितली जाणारी हकिकत शक्य कोटीतील आहे किंवा नाही, याचा निर्णयही यावरच अवलंबून असतो. [⟶ मालमोटार].

पार्श्वभूमी : भारतात आढळणाऱ्या सर्वांत जुन्या सैनिकी मालमोटारी बहुतांशी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहेत. ‘फोर्ड’ कंपनीची भारतीय शाखा १९२६ पासून आणि ‘जनरल मोटर्स’चा मुंबईतील शिवडी येथील कारखाना १९२८ पासून परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करीत असत. युद्धकाळात कॅनडातून जहाजाने आलेल्या सैनिकी मालमोटारींच्या भागांची मुंबईत जुळणी होई. कॅनडाने त्या युद्धात एकूण ८ लाखांहून अधिक सैनिकी वाहने बांधली; त्यांपैकी सुमारे निम्मी ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ या समान आराखड्याची होती. याच सांगाड्यांवर भारतात बनविलेले चिलखत चढवून तयार केलेली चाकी चिलखती गाडी ‘टाटानगर’ या नावाने ओळखली जात असे. युद्ध संपल्यावर शिल्लक वाहने सरकारने विकली व ती मुलकी वाहतुकीत आली. स्वाभाविकच अशा मोटारीचा सांगाडा कॅनडात, जुळणी मुंबईत व हौदा तिसऱ्याच ठिकाणी तयार झालेला असू शकतो.

रचनेवरून कालमर्यादा : बाह्य रचनेवरून नेमके वर्ष सहसा मिळत नाही; कालमर्यादा मात्र मिळते. कॅनेडियन आराखड्याच्या मालमोटारींचे चालककक्ष क्रमांक ११, १२ व १३ अशा तीन प्रमुख प्रकारांचे होते. क्रमांक ११ चा कक्ष १९४० मधील, क्रमांक १२ चा १९४०–४१ मधील आणि क्रमांक १३ चा १९४१ अखेरपासून १९४५ पर्यंतचा आहे. पहिले दोन दिसण्यास बरेच सारखे आहेत. तिसऱ्यातील समोरची काच वरच्या बाजूस पुढे झुकलेली असल्याने तो सहज ओळखू येतो; सूर्यप्रकाश परावर्तित होऊन वाहनाचा ठावठिकाणा विमानातून कळू नये, हा त्या रचनेचा एक हेतू होता. या मोटारींच्या प्रकारसंज्ञाही उपयुक्त आहेत. ‘एफ ६० एल’ या संज्ञेत ‘एफ’ म्हणजे फोर्ड, ‘६०’ म्हणजे ६० हंड्रेडवेट (३ टन) भारक्षमता आणि ‘एल’ म्हणजे लांब सांगाडा (दोन आसांमधील अंतर सु. ४०१ सेंमी.), ‘सी’ हे आद्याक्षर शेव्हरोलेचे होय. फोर्डमध्ये आठ सिलिंडरांचे ‘व्ही’ आकाराचे, तर शेव्हरोलेमध्ये सरळ ओळीतील सहा सिलिंडरांचे एंजिन असे. फोर्डच्या सांगाड्यावर सहा सिलिंडरांचे एंजिन आढळल्यास ते मागाहून बसविले असल्याचे उघड होते.

क्रमांक व धातुपट्ट्या : सांगाड्यावर ठोकलेला अनुक्रमांक हा सर्वांत विश्वसनीय पुरावा मानला जातो, कारण सांगाडा बदलणे अवघड व खर्चाचे असते. कारखान्याच्या नोंदींतून प्रत्येक वर्षाचा आरंभीचा क्रमांक ज्ञात असल्यास वाहनाचे वर्ष, कधीकधी महिनाही, ठरविता येतो. चालककक्षातील धातुपट्टी वाचण्यास सोपी असली, तरी चार स्क्रू काढून ती दुसऱ्या वाहनावर लावता येते. म्हणून तिच्यावरील क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा लागतो. अमेरिकी सैन्याच्या वाहनांवरील पट्टीवर दिलेली तारीख वाहन सैन्याच्या स्वाधीन केल्याची असते. ब्रिटिश सैन्याचे नोंदक्रमांक कंत्राट देतानाच गटागटाने नेमून दिले जात. त्यामुळे क्रमांक आधीचा व वाहन नंतरचे, असे घडते. प्रकारसंज्ञेतील अक्षरानेही दिशाभूल होऊ शकते. ‘जीएमसी’च्या ‘सीसीकेडब्ल्यू’ या अडीच टनी, सहाही चाकांना गती देणाऱ्या मालमोटारीच्या संज्ञेतील पहिला ‘सी’ १९४१ च्या आराखड्याचा निदर्शक आहे. परंतु त्याच संज्ञेची वाहने १९४५ पर्यंत बांधली जात होती. म्हणजेच हे अक्षर आराखड्याचे वर्ष सांगते, वाहनाचे नव्हे.

सुट्या भागांवरील पुरावा : एंजिनाचा ठोकळा, गतिपेटी, आसाचे आवरण इ. ओतीव भागांवर ओतकामाची तारीख अनेकदा आढळते. जनरल मोटर्सच्या पद्धतीत अक्षराने महिना, पुढील अंकांनी दिवस व शेवटच्या एका अंकाने वर्ष दर्शवीत. पाचवे अक्षर, त्यापुढे १२ व ३ अशी खूण १२ मे १९४३ ही तारीख दाखविते. मात्र वर्षाचा अंक एकच असल्याने १९३३ व १९५३ हे पर्याय अन्य पुराव्याने वगळावे लागतात. ओतलेला भाग यंत्रकाम होऊन वाहनात बसेपर्यंत काही काळ जातो. म्हणून मूळ भागांपैकी सर्वांत उशिराची तारीख ज्याच्यावर आहे, त्याच्या आधी वाहन पूर्ण झालेले असू शकत नाही, हा कालनिश्चितीचा मूलभूत नियम होय. त्यातील ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सैनिकी कर्मशाळांत एंजिने व गतिपेट्या काढून दुरुस्त करीत आणि त्या हाताशी असलेल्या दुसऱ्या वाहनात बसवीत. त्यामुळे एकट्या एंजिनावरून काढलेले वर्ष त्या एंजिनाचे असते, मोटारीचे असेलच असे नाही.

स्वातंत्र्योत्तर मालमोटारी : जबलपूर येथे जर्मनीतील ‘मान’ कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ मालमोटारीचे उत्पादन १९५९ मध्ये सुरू झाले व ते १९९० नंतरच्या दशकापर्यंत चालले. तेथील स्वतंत्र वाहन कारखाना १९६९ मध्ये स्थापन झाला. एवढ्या दीर्घ काळात या मोटारीचे बाह्य रूप फारसे बदलले नाही. म्हणून तिच्याबाबतीत रूपापेक्षा क्रमांकांवर भर द्यावा लागतो. याउलट टाटांच्या मालमोटारींत बोधचिन्ह उपयोगी पडते. ‘डायम्लर-बेंझ’शी असलेला करार १९५४ ते १९६९ या काळात चालू होता, तोपर्यंत गाडीच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. अर्थात बोधचिन्ह सहज बदलता येत असल्याने तो केवळ पूरक पुरावा होय.

भारतीय सैन्याच्या वाहनक्रमांकात ऊर्ध्वमुखी बाणानंतर येणारे दोन अंक वर्ष दर्शवितात. हे वर्ष वाहन सैन्यात दाखल झाल्याचे असते. वर्षअखेरीस बांधलेले वाहन पुढील वर्षी स्वीकारले गेल्यास दोहोंत एका वर्षाचा फरक पडतो. लिलावापूर्वी क्रमांक रंगाखाली झाकला गेला असला, तरी रंगाचे थर एकामागून एक हलक्या हाताने घासून काढल्यास तो पुन्हा वाचता येऊ शकतो. त्यामुळे जुना रंग एकदम खरवडून टाकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

मुलकी नोंदणी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये संरक्षणकार्यातील केंद्र सरकारच्या वाहनांची नोंदणी स्वतंत्रपणे होते, ते कार्य संपल्यावर वाहनाची सर्वसाधारण नोंदणी करावी लागते. त्यामुळे मुलकी नोंदणीपुस्तकातील तारीख बहुधा वाहनाच्या दुसऱ्या आयुष्याचा आरंभ दाखविते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत प्रशासकीय बदलांमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. वैनगंगेकाठचे आरमोरी हे स्वातंत्र्याच्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडातील चांदा जिल्ह्यात होते. हा प्रदेश १९५० मध्ये मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र यांत समाविष्ट झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यावर आरमोरी त्यात आले. सध्याच्या पद्धतीत चंद्रपूरसाठी ‘एमएच ३४’ व गडचिरोलीसाठी ‘एमएच ३३’ ही चिन्हे आहेत. ही पद्धती १९८८ च्या अधिनियमानंतरची असल्याने ‘एमएच ३३’ या पाटीवरून वाहन १९८९ पूर्वीचे नाही, असे अनुमान काढणे चूक ठरते.

नमुन्यादाखल, आरमोरी परिसरात लाकूड वाहणारी एक फोर्ड मालमोटार कल्पून तिची छाननी पुढीलप्रमाणे करता येईल : नोंदणीपुस्तकात पहिली नोंद १९५७ ची, चालककक्ष क्रमांक १३ चा, आसाच्या आवरणावर १९४३ ची खूण आणि एंजिन मागाहून बसविलेले. चालककक्षावरून १९४१ अखेर ते १९४५ ही मर्यादा मिळते. आस मूळचा असल्यास ती १९४३ ते १९४५ अशी आकसते. सांगाड्याच्या क्रमांकाने ती आणखी नेमकी होते. १९५७ ची नोंद व एंजिन यांचा निर्मितिकालाशी संबंध राहत नाही. मात्र १९५७ पूर्वी ती मुलकी वापरात होती काय, हे पाहण्यासाठी मध्य प्रदेशाच्या काळातील दप्तर शोधावे लागेल. ती १९४२ च्या ब्रह्मदेशातील माघारीत होती, अशी हकिकत असल्यास आसाचा पुरावा तिच्या विरुद्ध जाईल. आस बदलला असल्याचे सिद्ध झाले, तरच ती पुन्हा विचारार्ह ठरेल.

महत्त्व : जुन्या दुचाकी व प्रवासी चारचाकी वाहनांसाठी २०२१ मध्ये केलेल्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांची गणना पहिल्या नोंदणीपासून केली जाते, म्हणजे कायद्यातील वय व इतिहासातील वय वेगळे असू शकते. संग्रहालयाच्या फलकावर मात्र निर्मितिकालच अपेक्षित असतो. पुरावा जेथवर नेतो तेथवरच जाऊन ‘१९४३–४५’ अशी मर्यादा नोंदविणे, हे एखादे आकर्षक पण निराधार वर्ष लिहिण्यापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होय. तसेच दुरुस्तीच्या वेळी काढलेले जुने भाग, पट्ट्या व रंगाचे नमुने जपून ठेवल्यास पुढील अभ्यासकास ती मर्यादा आणखी नेमकी करता येते.