सावित्रीबाईंचं नगरमधलं ट्रेनिंग

सावित्रीबाई म्हटलं की डोळ्यांसमोर पुण्याचा भिडेवाडा येतो. पण त्या वाड्याच्या गोष्टीत आपलं नगरही आहे. आयटीत काम करणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार जवळची वाटते. का, ते सांगते.

सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८३९ मध्ये नगरला. इथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे नगरला नोकरीला होते. त्यांच्याकडे आलेले असताना जोतीरावांनी फरारबाईंची शाळा पाहिली. मुलींची शाळा रोज कशी चालते, हे प्रत्यक्ष बघायला मिळालं. आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांची स्वतःची शाळा सुरू झाली.

पण शिकवणार कोण? सावित्रीबाई. सुरुवातीचं शिक्षण त्यांना जोतीरावांनीच दिलं. मग शिक्षिकेचं रीतसर ट्रेनिंग झालं, नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. नॉर्मल स्कूल म्हणजे तेव्हाचं डी.एड. कॉलेज समजा. आपण शेण-दगडांची गोष्ट नेहमी सांगतो, या ट्रेनिंगची मात्र सांगत नाही. धाडस होतंच हो, पण हातात कामाचं कौशल्यही होतं.

त्याचा परिणाम बघा. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिने थेट लिहिलं होतं. आणि हे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू झालं ते नगरलाच! छापखाना ही त्या काळाची मोठी टेक्नॉलॉजी, आणि शाळकरी मुलीचे शब्द त्यातून लोकांपर्यंत गेले.

आता सुमारे एकशेवीस वर्षं पुढे या. १९७४. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींना, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींना, टेल्कोची जाहिरात दिसली. त्यात लिहिलं होतं, महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी सरळ जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीचं बोलावणं आलं पुण्याहून, आणि नोकरी मिळाली. म्हणजे डिग्री होती, हुशारी होती, तरी दार बंदच होतं. ते उघडायला लावावं लागलं.

मी गावाकडे गेले की मुली विचारतात, “ताई, कोडिंगला मॅथ्स लागतं का?” त्यांचे आईवडील विचारतात, “पुण्यात राहायची सोय काय? सोबत कोण?” मला दुसरा प्रश्न जास्त अवघड वाटतो. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना कॅप राउंडमधून इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तर सरकार ट्यूशन फी पूर्ण माफ करतं. पण खोलीचं भाडं, मेस, एसटीचा प्रवास हे उरतंच.

म्हणून बहिणीला नुसतं “शिक गं” म्हणू नका. फॉर्म भरताना शेजारी बसा, हॉस्टेल बघायला सोबत जा, तुमच्या कंपनीत इंटर्नशिप निघाली की तिला कळवा. सावित्रीबाईंना शाबासकीसोबत ट्रेनिंग मिळालं आणि शिकवायला शाळाही मिळाली. आपल्या पोरींनाही तेवढं मिळायला हवं.

भेटू पुढच्या भागात!