वेगळी चूल : ब्रिटनचा संघत्याग आणि रोजचा संसार

एकत्र कुटुंबातून एखादा भाऊ वेगळा निघतो, त्या दिवशी घरात मोठमोठे शब्द ऐकू येतात. हक्क, स्वाभिमान, कर्तेपणा, न्याय ह्यांवाचून दुसरी भाषा नसते. वाटणीपत्रावर सह्या होतात, पंच मंडळी चहा घेऊन उठून जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे प्रश्न उभे राहतात ते अगदीच निराळे असतात. विहिरीचा रहाट आज कोणी ओढावयाचा? देवघरातील नैवेद्याची पाळी कोणाची? परसातील पायवाटेने जाताना आता विचारून जावयाचे की काय? वाटणीपत्रात जे लिहिलेले नसते तेच रोज पायात येते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आपण दुर्दैवाच्या संदर्भात वापरतो. पण वासे फिरतात ते कसे, हे पाहावयाचे असेल तर ब्रिटनने युरोपीय संघाचा त्याग केल्यानंतरची काही वर्षे न्याहाळावी. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-मुली, भाचे-पुतणे आज त्या देशात आहेत. त्यांच्या पत्रांतून व दूरध्वनीवरून हा विषय तुकड्यातुकड्यांनी घरोघर आलेला आहेच. तो एकत्र मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. दुसऱ्या महायुद्धात होरपळून निघालेल्या सहा राष्ट्रांनी २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे तह करून सामायिक बाजारपेठेचा पाया घातला. पश्चिम जर्मनी, फ्रान्स, इटली, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबर्ग ही ती सहा राष्ट्रे. ब्रिटन त्या वेळी बाहेर राहिला. पुढे आत येण्याची इच्छा झाली तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल ह्यांनी १९६३ व १९६७ असा दोनदा नकार दिला. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी आयर्लंड व डेन्मार्क ह्यांच्यासह ब्रिटनचा प्रवेश झाला, आणि १९७५ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी त्यास मान्यता दिली. १ जानेवारी १९९३ पासून एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आली. माल, पैसा, सेवा आणि माणसे ह्यांच्या वाटेतील सरकारी नाकी उठली. हळूहळू लोकांना ह्या सोयीची इतकी सवय झाली की ती कोणी केलेली सोय आहे, ह्याचाच विसर पडला. वाहत्या नळाची आठवण पाणी बंद झाल्यावरच व्हावी, तसे झाले.

२३ जून २०१६ रोजी पुन्हा सार्वमत झाले. ५१.९ टक्के मते संघ सोडण्याच्या बाजूने व ४८.१ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. सोडू इच्छिणारे सारे अविचारी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपले कायदे आपल्याच पार्लमेंटने करावेत, देशात कोणी यावे हे आपणच ठरवावे, दूरच्या ब्रुसेल्स येथील अधिकाऱ्यांनी नव्हे, ही भावना खरी होती. उद्योग बुडालेल्या गावांतील लोकांस आपल्याकडे कोणी पाहत नाही असे वाटत होते, तेही खोटे नव्हते. पण राज्याच्या सर्व भागांचे मत एक नव्हते. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी व उत्तर आयर्लंडने जवळजवळ ५६ टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला होता. मतपत्रिकेवर प्रश्न होता राहावे की सोडावे, एवढाच. सोडल्यावर चूल कोठे मांडावयाची, हे तीवर लिहिलेले नव्हते.

३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन संघाबाहेर पडला. तथापि ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जुनेच नियम चालू राहिले. त्याच महिन्याच्या २४ तारखेस नवा व्यापारी करार ठरला. परस्परांच्या मालावर जकात नाही, असे त्यात ठरल्यामुळे पुष्कळांना हायसे वाटले. परंतु ‘जकात नाही’ ह्याचा अर्थ ‘नाके नाही’ असा नव्हे, हे अनुभवाने कळले. माल खरोखर ब्रिटनमध्ये किंवा युरोपातच तयार झाला, ह्याचा दाखला आता आवश्यक झाला. मांस, मासळी, दूध ह्यांच्या पदार्थांस आरोग्यविषयक प्रमाणपत्र हवे, त्यावर सही हवी, आणि वाटेत तपासणीही हवी. पैसा वाचला, पण कागद वाढला. आणि कागदालाही पैसा व वेळ लागतोच.

पहिला फटका बसला तो न्याहारीच्या डब्याला. जानेवारी २०२१ मध्ये हॉलंडच्या हूक ऑफ हॉलंड बंदरात उतरणाऱ्या ब्रिटिश मालमोटारचालकांच्या डब्यांतील मांसाची सँडविचे तेथील जकात अधिकाऱ्यांनी काढून घेतली. संघाबाहेरील देशातून मांस व दुधाचे पदार्थ प्रवाशाने आणावयाचे नाहीत, हा नियम जुनाच. पण तो आपल्याला लागू होईल हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नव्हते. मांस काढून घ्या, निदान पाव तरी राहू द्या, ही एकाची विनवणीही मान्य झाली नाही. आपल्याकडून विलायतेस निघालेल्या आयांना ह्यात नवल वाटावयाचे नाही. लेकीसाठी नेलेला पेढ्यांचा पुडा विमानतळावरच ठेवावा लागण्याचा नियम त्यांना कधीचा ठाऊक आहे. ब्रिटिश माणूस त्या दिवशी प्रथमच आपल्या रांगेत येऊन उभा राहिला, एवढेच.

टपालाचीही तीच गत. पॅरिसला राहणाऱ्या मुलीला लंडनहून आईने पाठविलेली भेट ४५ युरोंहून अधिक किमतीची असेल तर तीवर कर आणि वर हाताळणीचा आकार पडू लागला. किरकोळ दुकानदारांपैकी कित्येकांनी समुद्रापलीकडील गिऱ्हाइकांस माल पाठविणेच बंद केले. एका मागणीपायी एवढे कागद भरणे त्यांना परवडेना. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची मासळी पूर्वी दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या बाजारात पोहोचत असे. जानेवारी २०२१ मध्ये ती प्रमाणपत्रांच्या घोळात वाटेतच शिळी होऊ लागली, तेव्हा मासळीचे व्यापारी आपल्या गाड्या घेऊन थेट लंडनच्या सरकारी कचेऱ्यांपुढे उभे ठाकले. कालवे-तिसऱ्यांसारखा जिवंत शिंपल्यांचा माल तर, तो दुय्यम प्रतीच्या पाण्यातील असल्यास, आधी शुद्ध केल्यावाचून संघात जाऊच शकेना. संघत्यागाने कोळ्यांचे भले होईल असे प्रचारात आग्रहाने सांगितले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या गोष्टीतील दुःख कळते.

प्रवासात पारपत्राचे महत्त्व एकदम वाढले. संघात असताना लाल रंगाचे असलेले पारपत्र मार्च २०२० पासून पुन्हा निळे झाले. ती निळी पारपत्रे तयार होतात मात्र पोलंडमध्ये! बहुतेक युरोपीय देशांत आता ब्रिटिश प्रवाशास १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. स्पेनच्या उन्हात घर घेऊन निम्मे वर्ष तेथे काढणाऱ्या निवृत्त वृद्धांना दिवस मोजत बसणे प्राप्त झाले. जे तेथेच कायम स्थायिक झाले होते, त्यांचे ब्रिटिश वाहनपरवाने १ मे २०२२ पासून मार्च २०२३ च्या मध्यापर्यंत चालेनासे झाले. दवाखाना दहा मैलांवर, दारात मोटार उभी, आणि चालविण्याची मात्र बंदी! कुत्र्यामांजरांची युरोपीय पारपत्रेसुद्धा रद्द झाली. आता दर खेपेस पशुवैद्याकडून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

वस्तूंची अडचण सोसता येते. माणसांची सोसणे कठीण. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीय नागरिकांस आपला राहण्याचा हक्क नव्याने नोंदवावा लागला. ३० जून २०२१ ह्या मुदतीपर्यंत सुमारे साठ लाख अर्ज आले. तीस-चाळीस वर्षे तेथे राहिलेल्या, नातवंडे खेळविणाऱ्या आजीबाईंनाही आपण येथे राहतो हे सिद्ध करावे लागले. अर्ज मंजूर झाल्यावर हातात कागद मिळत नाही. नोंद केवळ संगणकावर. ज्यांनी आयुष्यभर दाखले पेटीत जपून ठेवले, त्यांना ह्या अदृश्य दाखल्याचा भरवसा कसा वाटावा?

सर्वांत नाजूक प्रश्न आयर्लंडचा. १९२२ साली आयर्लंडचा बहुतेक भाग ब्रिटनपासून वेगळा झाला आणि १ एप्रिल १९२३ पासून उत्तर आयर्लंडच्या सीमेवर जकातनाकी बसली. शेत एका राज्यात आणि बाजार दुसऱ्यात, अशी स्थिती झाली. लोण्याची चोरटी ने-आण हा सीमेवरील संसाराचाच एक भाग झाला. १९९३ च्या एकसंध बाजारपेठेने ती नाकी उठविली, आणि १० एप्रिल १९९८ च्या शांतता-करारानंतर लष्करी चौक्याही गेल्या. सुमारे ५०० कि.मी.ची ती सीमा जवळजवळ दिसेनाशी झाली. ती पुन्हा उभी करणे म्हणजे जुन्या जखमेवरची खपली काढणे होते. म्हणून तपासणी जमिनीवरून उचलून समुद्रावर, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये नेली गेली. परिणामी इंग्लंडातील रोपवाटिकेतून बेलफास्टच्या बागेत रोप पाठविणे अवघड झाले, कारण मुळांना माती होती. स्कॉटलंडचे बियाण्याचे बटाटेही अडले. फेब्रुवारी २०२३ मधील विंडसर येथील समझोत्याने ह्या गाठी काहीशा सैल केल्या. त्याची खूण आजही दुकानांत दिसते : खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर ‘युरोपीय संघासाठी नव्हे’ अशी चिठ्ठी. घरच्या डब्यावर भावाचे नाव खोडलेले असावे, तसे ते वाटते.

आयर्लंडने आणखी एक गोष्ट शिकविली. सार्वमतानंतर ब्रिटनमधील असंख्य लोक आपल्या आयरिश आजी-आजोबांचे जन्मदाखले शोधू लागले. कारण त्या दाखल्यावर आयरिश नागरिकत्व, आणि त्याबरोबर संपूर्ण युरोपात वावरण्याची मोकळीक मिळत होती. आजीच्या जन्मनोंदीला असे मोल येणे आपल्या गोमंतकास नवीन नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देते. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात आल्यावर त्या जुन्या नोंदवह्यांतून ब्रिटनची वाट निघाली. भारतीय नागरिकत्व सोडून, कारण आपल्या कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, हजारो गोवेकर स्विंडन व साउथॉल येथे गेले आणि गोदामांत, कारखान्यांत, रुग्णालयांत राबू लागले.

१ जानेवारी २०२१ रोजी ती वाट बंद झाली. आधी गेलेले राहू शकले. मागून जाणारांस इतर परदेशीयांप्रमाणे परवाना आवश्यक झाला. पण खरा पेच विवाहाचा. तेथे राहण्याचा हक्क मिळविलेल्या मुलाचे नाते २०२० अखेरीपूर्वी जुळलेले असेल तर पत्नीस जुन्या सवलतीने नेता येते. नंतर जुळले असेल तर सर्वसाधारण नियम लागू. त्यासाठी लागणारे किमान उत्पन्न पूर्वी वर्षास १८,६०० पौंड होते, ते एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंड झाले. गोदामात काम करणाऱ्या तरुणास ही रक्कम लहान नव्हे. पत्रिका, घराणे, शिक्षण सारे जुळावे आणि संसार एका तारखेपाशी अडावा, हा प्रकार स्थळे पाहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वेगळे झाल्यामुळे ब्रिटनला स्वतःचे व्यापारी करार करता आले. २४ जुलै २०२५ रोजी भारताबरोबर झालेला करार त्यांपैकीच. स्कॉटलंडच्या मद्यावरील भारतीय जकात १५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले आहे. युरोपातून येणारे कामकरी कमी झाले, तेव्हा परिचारिका, शुश्रूषक व विद्यार्थी म्हणून भारतीयच मोठ्या संख्येने गेले. बाहेरून येणारांची संख्या घटावी म्हणून ज्यांनी मत दिले, त्यांना हे अपेक्षित नव्हते. आणि एकूण हिशेब? ब्रिटिश अर्थसंकल्पाची छाननी करणारी तेथील स्वायत्त कचेरी असे धरून चालते की देशाची उत्पादकता, संघात राहिल्यास झाली असती त्याहून, दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. हा आकडा एका दिवसात दिसत नाही. ज्या घराला एक पोटमाळा बांधता आला असता तो बांधला गेला नाही, अशा स्वरूपात तो राहतो.

आता सुटलेल्या गाठी एकेक करून पुन्हा बांधणे चालले आहे. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटन युरोपच्या संशोधन-योजनेत परतला. मे २०२५ मध्ये अन्नपदार्थांच्या तपासण्या कमी करण्यासाठी करार करण्याचे उभयपक्षी ठरले. विद्यार्थ्यांच्या देवघेवीच्या ‘इरॅस्मस’ योजनेत २०२७ पासून पुन्हा सामील होण्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मधल्या वर्षांत ज्यांचे शिक्षणाचे वय निघून गेले, त्यांना मात्र ती वर्षे कोण परत देणार?

बंधुभगिनींनो, वेगळे होऊच नये असा ह्या कथेचा बोध नव्हे. भाऊ वेगळे होतात, राष्ट्रेही होतात, आणि कधी ते योग्यही असते. आपला देशही एका मोठ्या साम्राज्यातून बाहेर पडूनच स्वतंत्र झाला आहे. बोध एवढाच की, वाटणीपत्रावर सही करण्यापूर्वी घरातील सर्वांत लहान माणसास विचारावे : उद्या सकाळी तू पाणी कोठून आणणार? कारण मोठे शब्द बोलतात ते पंच, आणि रहाट ओढावा लागतो तो घरच्या सुनेला.