‘कार्डन’ सांध्याचें कर्तृत्व

मोटर व यंत्र यांचे शाफ्ट परस्परांशीं कोन करून असले म्हणजे ज्या बेचक्यांच्या सांध्यानें ते जोडतात, त्यास युरोपखंडांत ‘कार्डन’ व इंग्लंडांत ‘हूकचा सांधा’ म्हणतात. एका अपत्यास दोन पितृनामें चिकटलेलीं दिसलीं म्हणजे संशोधकानें मूळ ग्रंथच उघडावे.

जिरोलामो कार्डानो याच्या १५५० च्या ‘दे सुब्तिलिताते’ या लॅटिन ग्रंथांत जें आहे, तें एकांत एक बसविलेल्या झुलत्या कड्यांच्या आधाराचें वर्णन होय. आंतील वस्तु कलूं नये एवढाच त्या कड्यांचा हेतु. एका शाफ्टाचें फिरणें दुसऱ्यास देणें हें कार्य निराळें. बरें, तीं कडीं तरी त्याचीं कोठें? पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील विलार द ओनकूर याच्या तेराव्या शतकांतील हस्तलिखित चित्रवहींत हात शेकण्याच्या निखारपात्रास अशींच कडीं काढलेलीं आहेत.

खऱ्या सांध्याचें वर्णन गास्पार शॉट या जेसुइट पंडिताच्या १६६४ च्या ‘टेक्निका क्युरिओसा’ ग्रंथांत येतें. परंतु दोन्ही शाफ्ट सदैव समान वेगानें फिरतात, असेंही त्यानें ठोकून दिलें आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं, हें रॉबर्ट हूकनें ओळखलें. पहिला शाफ्ट समगतीनें फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो व दोनदां रेंगाळतो. हूकनें या वैगुण्याचाच उपयोग छायायंत्रावरील सावलीची विषम चाल दाखविण्याकडे केला, व १६७६ च्या ‘हेलिओस्कोप’ ग्रंथांत सांध्यास ‘युनिव्हर्सल जॉइंट’ हें नांव दिलें. तो आद्य शोधक नव्हे. तथापि ज्यास वस्तूचा स्वभाव कळला त्याचें नांव तीस द्यावें, असें माझें मत आहे.

शॉटचा प्रमाद पोथींतच राहिला असता तर गोष्ट वेगळी. कोन ३० अंश असेल तर मोटर मिनिटास १,००० फेऱ्यांच्या वेगानें एकसारखी फिरत असतांही यंत्राचा वेग ८६६ व १,१५५ यांच्या दरम्यान हेलकावतो. पूर्वीं चामडी पट्टा असला वांकडेपणा पुष्कळसा सोशी. मोटर थेट जोडली कीं सारा भार सांध्यावर व बेअरिंगांवर येतो. यासाठीं सांधे दोन घ्यावे, दोहोंकडील कोन सारखे ठेवावे, तिन्ही शाफ्ट एकाच पातळींत असावे, आणि मधल्या शाफ्टाचीं दोन्ही बेचकीं एकाच दिशेस बसवावीं. शाफ्ट समांतर पण किंचित् बाजूस सरकलेले असतील, तर आयरिश यंत्रज्ञ जॉन ओल्डहॅम याची १८२१ ची तीन चकत्यांची जोडणी बरी. तींत वेग समान राहतो. मधली चकती खांचांतून सतत घसरत असल्यानें तेल मात्र वेळच्यावेळीं घातलें पाहिजे.