वऱ्हाडांतील बाजार व बाजाराची रात्र

सुटींत बँकॉक किंवा पिनांग येथें जाऊन आलेलीं आपलीं मंडळी तेथील देवालयांपेक्षां रात्रीच्या बाजारांचेंच वर्णन अधिक करितात. दिव्यांच्या उजेडांतील दुकानें, रस्त्यावर शिजणारे पदार्थ, पलीकडे चाललेलें गाणें-बजावणें, हें सर्व त्यांस अपूर्व वाटतें. अमरावती-अकोल्याकडील माणसास मात्र तें अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं. बाजार आणि रात्र यांची सांगड वऱ्हाडांत जुनी आहे, आणि तिचा माग काढूं गेल्यास कापसापर्यंत जावें लागतें.

१८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालली, तिकडील कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टि पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ त आगगाडी नागपुरास पोंचली. तेव्हां अकोला जिल्ह्यांत असलेल्या खामगांवचा फांटा १८७० त खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं येऊन उघडला. लाटसाहेबांनीं कापसाच्या पेठेसाठीं एवढी वाट वांकडी करावी, यावरूनच त्या मालाची किंमत कळते.

किंमत कळत नसे ती पिकविणाऱ्याला. वेचणी झाली कीं गाड्या रात्रींच निघत, बैलांच्या घुंगरांच्या नादांत गाडीवान डुलक्या घेई, आणि दिवस उगवतां बाजारांत रांग लागे. तेथें दलाल व खरेदीदार रुमालाखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवीत. ज्याचा माल, त्याला तो भाव सर्वांच्या शेवटीं समजे. १८८६ सालीं कारंजा येथें रेसिडेंटाच्या हुकुमानें नियमबद्ध बाजार सुरू झाला, हिंदुस्थानांतील असा पहिलाच. १८९७ त वऱ्हाडच्या बाजारांसाठीं कायदाहि झाला. मापें व दलाली यांस त्यानें शिस्त लावली खरी. पण बाजारसमितींत व्यापारी होते, नगरपालिकेचे प्रतिनिधि होते, शेतकऱ्यास मात्र जागा नव्हती. या कायद्याची थोरवी गाणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

कापसाचा पैसा हातीं येई तो पौषाच्या सुमारास, आणि वऱ्हाडांतील मोठ्या यात्राहि त्याच दिवसांत भरतात! सातपुड्याच्या पायथ्याशीं, परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या वाटेवर, बहिरमची यात्रा महिनाभर चालते. टेकडीवर शेंदूर फांसलेला भव्य भैरव, आणि खालीं राहुट्यांचें गांव. मातीच्या हंड्या, घोंगड्या, शेतीचीं अवजारें. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले रोडगे व वांग्याची भाजी. दुसरीकडे हंडींत शिजणारें मटण. दिवस मावळला कीं कनातींत ढोलकी वाजूं लागे. तमाशाच्या फडांसाठीं बहिरम एके काळीं सबंध प्रांतांत गाजलेलें होतें. सुशिक्षितांनीं त्यावर नाक मुरडलें, तें सर्वस्वीं अकारण नव्हे. कारण दौलतजाद्यांत उडालेल्या रुपयामागें पुष्कळदां सावकाराचा कागद असे. तथापि, बाजारांत ज्याला कोणी कांहीं विचारलें नाहीं, त्याच्या शब्दाला त्या कनातींत मान होता. त्यानें फर्माईश करावी, आणि नाचणारणीनें ती पुरी करावी. ही भूक ज्यानें ओळखली तो यात्रेंत हातांत खराटा घेऊन आला.

गाडगे महाराजांचा जन्म १८७६ त अमरावती जिल्ह्यांतील शेणगांवीं झाला. वडील दारूनें गेले. मूल दापुऱ्यास, मूर्तिजापुराजवळ, आजोळीं वाढलें. तेथें मामांची शेती सावकाराच्या घशांत गेलेली त्यानें पाहिली. १९०५ त घर सोडल्यावर हा गृहस्थ ऋणमोचनाच्या यात्रेंत पूर्णेचा कांठ झाडूं लागला. दिवसा झाडणें, रात्रीं कीर्तन! कर्ज काढून सण करूं नका, दारू पिऊं नका, देवापुढें जनावर मारूं नका, पोरांस शाळेंत घाला, एवढाच विषय. परंतु तो सांगण्याची तऱ्हा निराळी होती. ते अस्सल वऱ्हाडी बोलींत श्रोत्यांसच प्रश्न करीत, आणि हजारों माणसें बसल्या जागेवरून उत्तर देत. शेत कसें गेलें, देव बोकड मागतो काय, हें ज्याचें त्यानेंच सांगावयाचें. तमाशाशीं स्पर्धा करणारें दुसरें कीर्तन निदान मला तरी ठाऊक नाहीं.

२० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीस नेत असतां वाटेंत, वलगांवजवळ पेढी नदीपाशीं, त्यांनीं देह ठेविला. बहिरमच्या राहुट्या उभ्या राहण्याचे तेच दिवस.